ठाकूरद्वार : गॅलरीतील साधे खेळ

चर्नी रोड स्थानकावरून पूर्वेला उतरून महर्षी कर्वे मार्ग ओलांडला, की काही मिनिटांच्या चालीवर ठाकूरद्वार लागते. ठाकूर म्हणजे देव; त्याचे द्वार ते ठाकूरद्वार. नावाला साजेशी देवस्थानेही इथे जवळजवळ आहेत. फणसवाडीत व्यंकटेशाचे मंदिर आहे, झावबावाडीत रामाचे. डॉ. बाबासाहेब जयकर मार्ग आणि जगन्नाथ शंकरशेठ मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, तो ठाकूरद्वारचा नाका. तिथून पूर्वेकडे गेले की सी. पी. टँक, भुलेश्वर, पांजरापोळ आणि पुढे काळबादेवी व झवेरी बाजार. कापड, सोने, भांडी, पूजेचे साहित्य अशा नाना व्यापारांतली माणसे दिवसभर त्या बाजारांत असतात आणि त्यांपैकी पुष्कळांची घरे पिढ्यान्‌पिढ्या या परिसरातील चाळींत व जुन्या इमारतींत राहिली आहेत.

या चाळींचे खरे वैभव खोल्यांत नव्हते. ते गॅलरीत होते. खोली दहा बाय बाराची. पण दारासमोरून जाणारा लाकडी कठड्याचा लांब सज्जा सर्व बिऱ्हाडांचा सामाईक. तिथे पापड वाळत, अभ्यास होत, सोयरिकीची बोलणी होत आणि रात्री दुकाने वाढवून मंडळी घरी परतली की कॅरम मांडला जाई. वरून दोरीने लोंबता दिवा सोडायचा, त्यावर पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची टोपी, म्हणजे उजेड नेमका फळीवर पडतो. चौकटीसह जवळजवळ तीन फुटांची ती फळी गॅलरीची बहुतेक रुंदी अडवून टाकी. त्यामुळे नळावरून येणाऱ्याला किंवा जिन्याकडे निघालेल्याला तिथे थांबणे भागच पडे. थांबलेला माणूस डाव पाहू लागे आणि डाव पाहणारा थोड्याच वेळात सल्ला देऊ लागे. “शेठ, राणी अजून कव्हर झालेली नाही, जपून!” असे दहा वर्षांच्या मुलाने घाऊक व्यापाऱ्याला सांगावे आणि त्याने ते ऐकावे, अशी ती जागा होती.

कॅरमचे सगळे भांडवल किती, ते पाहण्यासारखे आहे. नियमानुसार खेळण्याचा पृष्ठभाग सुमारे ७४ सेंटीमीटरचा चौरस, चार कोपऱ्यांत चार भोके, ९ पांढऱ्या व ९ काळ्या सोंगट्या, एक लाल राणी आणि १५ ग्रॅमपेक्षा जड नसावा असा एक स्ट्रायकर. राणी घेतली की तिच्यामागोमाग आपली एक सोंगटी घेऊन ती पक्की करायची. बाकी सारा कारभार बोटाच्या टिचकीचा, कडेवरून परतणाऱ्या कोनांचा आणि थोड्या बोरिक पावडरीचा. शिकायला पाच मिनिटे लागतात. हात बसायला वर्षे जातात. अशा या घरगुती खेळाचा १९५६ साली अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९८८ साली आंतरराष्ट्रीय महासंघही स्थापन झाला. पण फळी तीच राहिली आणि सोंगट्याही तेवढ्याच राहिल्या.

कॅरमच्या शेजारी कित्येक घरांत आणखी एक फळी असे. ती बॅगाटेलची. मुलांच्या वाढदिवसाला किंवा परीक्षेत चांगले गुण मिळाल्यावर ती घरात येई. वरच्या बाजूने गोलाई घेतलेली उतरती लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेल्या बारीक खिळ्यांची कुंपणे, मधूनमधून गुणांचे आकडे लिहिलेले कप्पे आणि उजव्या बाजूला स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या खेचून सोडला की गोळी वर जाते, गोलाईवरून वळते आणि खिळ्यांवर टणटण आपटत खाली उतरते. कुठल्या कप्प्यात स्थिरावेल ते कोणालाच ठाऊक नसते. पण दट्ट्या किती खेचावा याचा अंदाज मात्र सरावाने येतो. शंभराच्या कप्प्याभोवती खिळे दाट आणि दहाच्या कप्प्याची वाट मोकळी, हे जगाचे गणित मूल तिथेच शिकते.

ही फळी म्हणजे पुढे जगभर गाजलेल्या पिनबॉल यंत्राची जननी. बॅगाटेलचा मूळ खेळ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लांब टेबलावर काठीने खेळला जाई. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह या इंग्रज कारागिराने १८७१ साली त्यात स्प्रिंगचा दट्ट्या बसवण्याचे पेटंट घेतले आणि काठी गेली. १९३१ साली शिकागोच्या गॉटलिब कंपनीचे ‘बॅफल बॉल’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र आले. ते मंदीचे दिवस होते. खिशात मोठी रक्कम नसलेल्या माणसालाही एका सेंटमध्ये चार घटका करमणूक मिळू लागली आणि त्या यंत्राचा खप पन्नास हजारांच्या पुढे गेला.

प्रारंभीच्या या यंत्रांत एक उणीव होती. एकदा गोळी सोडली की खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नसे. त्यामुळे ते यंत्र जुगाराच्या बाजूला झुकले, आणि न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये त्यावर बंदी घातली. सप्तव्यसनांत द्यूताला पहिले स्थान देणाऱ्या समाजाला ही चिंता नवी वाटणार नाही. आपल्याकडेही पत्ते आणि फासे यांच्याकडे घरची वडील मंडळी साशंकतेने पाहत आणि कॅरमला मात्र मोकळीक असे. दैव आणि कौशल्य यांतला भेद त्यांना नेमका कळत होता. पिनबॉलमध्ये तो भेद १९४७ साली स्पष्ट झाला. त्या वर्षी ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात प्रथमच फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच गोळीला परत वर उडवणारे छोटे हात, बसवले गेले. आता गोळी वाचवणे खेळणाऱ्याच्या हातात आले. तरीही न्यूयॉर्कची बंदी उठायला १९७६ साल उजाडले. रॉजर शार्प या तरुण जाणकाराने नगर परिषदेच्या समितीसमोर यंत्र मांडून, गोळी कुठल्या वाटेने जाईल ते आधी सांगितले आणि तिला त्याच वाटेने पाठवून दाखवले. खेळ कौशल्याचा आहे, हे त्याने एका दट्ट्यात सिद्ध केले.

त्यानंतर यंत्रे बदलली. तोवर त्यांच्या पोटात तारा, विद्युतचुंबक आणि घंटा होत्या. गुणांचे आकडे फिरत्या चाकांवर खट्‌कन पुढे सरकत. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकाचे तुकडे आत शिरले. १९७९ साली ‘गॉर्गर’ नावाचे यंत्र चक्क बोलू लागले. १९९२ साली आलेल्या ‘द ॲडम्स फॅमिली’ या यंत्रात वाड्यातील एकेक दालन उघडत जाण्याची कथाच गुंफलेली होती. कधी एकाच वेळी अनेक गोळ्या धावतात, कधी ठरावीक क्रमाने लक्ष्ये टिपल्याखेरीज पुढचे काही उघडत नाही. त्या यंत्राच्या २०,२७० प्रती निघाल्या, तेव्हा लोकांना ते आवडले नाही असे मुळीच म्हणता येणार नाही. मन लावून महिनोन्‌महिने खेळणाऱ्याला त्यात नवेनवे सापडत राहते, हा त्याचा खरा गुण.

तरीसुद्धा जाणत्या खेळाडूंचा एक वर्ग आजही घंटेच्या आणि फिरत्या आकड्यांच्या जुन्या यंत्राकडेच वळतो. ही केवळ गतकाळाची ओढ म्हणून सोडून देणे योग्य नाही. जुन्या यंत्रावर काय करायचे ते फळीवरच लिहिलेले असते. ही पाच लक्ष्ये पाडा, हा दिवा लागेल, दिवा लागल्यावर या फटीतून गोळी गेली की इतके गुण. चूक झाली तर ती का झाली, हे खेळणाऱ्याला दिसते आणि बाजूला उभ्या असलेल्यालाही दिसते. नव्या यंत्रात नियम आत, अदृश्य लिपीत असतात. गुण कोट्यवधींनी वाढतात. पण कशाचे किती मिळाले, ते विचारले तर खेळणाराही गोंधळतो.

व्यापाऱ्याच्या घरी हे समजावून सांगायला नको. रोजमेळाच्या पानावर डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली शिल्लक. रात्री गल्ल्यातली रोकड त्या आकड्याशी जुळली की माणूस निश्चिंत झोपतो. आज संगणकावरचे हिशेब अधिक वेगवान आणि अधिक तपशीलवार आहेत, ते हवेतही. मात्र शिल्लक कुठून आली हे ज्याला पान उलटून दाखवता येत नाही, त्याचा धंदा दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. खेळाचेही तसेच. ज्याचे नियम उघड्यावर असतात, तो खेळ सर्वांच्या मालकीचा राहतो.

याच कसोटीवर उतरणारा एक खेळ जैन परंपरेतही आहे. तो म्हणजे ज्ञानबाजी. कापडावर किंवा कागदावर आखलेला पट. जैन पटांत बहुधा ८४ घरे असत. प्रत्येक घराला गुणाचे, दोषाचे किंवा गतीचे नाव. शिड्या वर नेतात, साप खाली आणतात आणि शेवटी सर्वांत वर मुक्तीचे स्थान. पर्युषणाच्या दिवसांत हा पट मांडण्याची रीत होती. मराठी मुलुखात त्याचाच भाऊ शोभेल असा मोक्षपट होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडला पोहोचून तेथील मुलांची सापशिडी झाला. आजी पटावर बोट ठेवून घराचे नाव वाचे, नातू कवडी टाके, आणि क्रोधाच्या घरात अडकलेल्याला सगळे हसत. शिकवण आणि नियम दोन्ही एकाच पृष्ठभागावर असल्यामुळे आजीला आणि नातवाला एकमेकांशेजारी बसावेच लागे.

आता ठाकूरद्वारच बदलत आहे. जगन्नाथ शंकरशेठ मार्गाखालून भुयारी मेट्रो धावू लागली असून गिरगाव आणि काळबादेवी ही तिची स्थानके आहेत. त्यांच्या बांधकामासाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास ठिकठिकाणी चालू आहे. जिथे तीन मजली चाळ होती तिथे उंच मनोरा उभा राहतो. काही कुटुंबांनी आधीच बोरिवली, घाटकोपर, मुलुंड गाठले आहे. निघताना माळ्यावरची कॅरमची फळी बहुधा मागेच राहते, कारण नव्या घरात ती कुठे मांडायची, हा प्रश्न असतो. मुलांच्या हाती मोबाइल आहे आणि त्यातले खेळ दर महिन्याला नवे रूप घेतात. नातू खेळतो तेव्हा आजोबांना त्याची फक्त पाठ दिसते.

चाळीचे दिवस सोन्याचे होते असे मानण्याचे कारण नाही. सामाईक शौचालयापुढची रांग, पहाटेच्या पाण्यासाठीची धावपळ, पावसाळ्यात गळणारे छप्पर आणि टेकू दिलेले जिने ज्यांनी सोसले, त्यांना नव्या घराचा आनंद होणारच; तो त्यांचा हक्कही आहे. तसेच मोबाइलवर बुद्धिबळ शिकून उत्तम खेळणारी मुलेही आहेत. तेव्हा जुने ते चांगले आणि नवे ते वाईट, अशी सरधोपट वाटणी करून काही साधत नाही. जुन्या व्यवस्थेत नेमके कोणते मोलाचे होते, ते ओळखून बरोबर न्यावे, एवढेच खरे काम आहे. ठाकूरद्वारच्या गॅलरीत मोलाचे होते ते हे, की खेळ वाटेत मांडलेला असे आणि तो पाहता क्षणीच समजत असे. म्हणून तिथे पाहुणा, शेजारी, म्हातारा, मूल, मालक आणि मुनीम एका फळीभोवती येत. नवा शेजारी चाळीत खऱ्या अर्थाने सामावला जाई तो बहुधा पहिल्या डावानंतरच.

हे मोल नव्या इमारतीतही टिकवता येते. पुनर्विकासाच्या सभेत चटईक्षेत्र, कोपऱ्याचा फ्लॅट आणि गाडीची जागा यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्याच सभेत सामाईक खोलीचा विषयही काढता येईल. ती खोली तळमजल्याच्या कोपऱ्यात कुलूपबंद नको. जिन्याजवळ किंवा लिफ्टसमोर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर हवी. एक कॅरम, एक बॅगाटेल, भिंतीवर टांगलेला ज्ञानबाजीचा पट आणि चार स्टुले, इतक्यावर ती सजते. खर्च इमारतीच्या एका महिन्याच्या वीजबिलापेक्षाही कमी येईल. माळ्यावरच्या जुन्या फळीवर कोरडे फडके फिरवले आणि वर थोडी बोरिक पावडर टाकली, की ती पुन्हा पहिल्यासारखी सरसर चालू लागते.