गोळीबार मैदानाच्या वाटेनें

पुणें शहराच्या दक्षिण अंगाचें स्वारगेट महाराष्ट्रांतील बहुतेक कुटुंबांस ठाऊक आहे, तें एस्. टी.च्या स्थानकामुळें. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंनीं येणारा प्रवासी पुण्याच्या भूमीवर पहिलें पाऊल टाकतो तें बहुधा येथेंच. एके काळीं येथें घोडेस्वारांची चौकी होती, त्यावरून हें नांव पडलें, असें जुनीं माणसें सांगतात. आज स्वार नाहींत आणि वेसही नाहीं. जेधे चौकावरून उड्डाणपूल गेला आहे, व २०२४ च्या सप्टेंबरापासून भुयारी मेट्रो थेट स्वारगेटच्या पोटांत येऊन थांबते. परंतु या गर्दींतून वाट काढून कोणी भोंवतालीं पायीं हिंडेल, तर त्यास एका जुन्या हौसेच्या खुणा येथें ठिकठिकाणीं आढळतील. ती हौस बंदुकीची व नेमबाजीची. हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून मुलगा किंवा मुलगी ‘मला रायफल शिकावयाची आहे’ म्हणून हट्ट धरते, आणि घरांत बंदूक येणार या कल्पनेनेंच वडीलमाणसांचा जीव धास्तावतो. त्या हट्टांत गुण किती व धास्तींत तथ्य किती, याचा विचार या परिसरांतून हिंडत हिंडतच करूं.

स्वारगेटच्या पश्चिमेस सारसबाग, व तिच्यामागें पर्वती. पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांचा शिकारखाना असे. नांव शिकारखाना असलें तरी तेथें शिकार होत नसे. वाघ, सिंह, गेंडा असे दूरदूरचे प्राणी तेथें बाळगलेले असत. १७९० च्या सुमारास गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकारानें काढलेलें तेथील गेंड्याचें चित्र आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. पुढें याच बाजूस पेशवे उद्यानांत प्राणिसंग्रहालय झालें, आणि कालांतरानें तेंही कात्रजास गेलें. मृगया हा आमच्याकडे राजेलोकांचा विलास. इंग्रजी अमलांत तो साहेबांचा व संस्थानिकांचा झाला. मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेलीं छायाचित्रें जुन्या वाड्यांतून अजूनही भिंतीवर दिसतात. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि हौसेखातर शिकार करणें हा गुन्हा ठरला. ती हौस संपली हें चांगलेंच झालें. आम्ही पुढें जें लिहीत आहों, तें निर्जीव निशाणावर नेम धरण्याच्या हौसेविषयीं.

आतां जेधे चौकांतून उलट दिशेस, म्हणजे पूर्वेस, शंकरशेट रस्त्यानें निघावें. सेव्हन लव्हज चौक ओलांडला कीं थोड्याच वेळांत गोळीबार मैदान लागतें. रिक्षावाल्यास ‘गोळीबार’ एवढा एकच शब्द सांगितला तरी तो बरोबर आणून सोडतो. त्या शब्दाचा अर्थ त्याच्याही मनांत येत नाहीं व आंत बसणाराच्याही येत नाहीं. येथें ईदगाह आहे, आणि ईदच्या सकाळीं शहरांतील हजारों मुसलमान नमाजासाठीं येथें जमतात. जवळूनच लष्कराची वस्ती सुरू होते, तेव्हां पलटणींच्या गोळीबाराचें हें मैदान, हें नांवावरूनच उघड होतें. मुंबईस सांताक्रूझकडेही गोळीबार नांवाची एक वस्ती आहे. बंदुका गेल्या, मैदानांचें रूप पालटलें, तरी नांवें मागें राहिलीं.

या मैदानाच्या एका बाजूस लष्कर आणि दुसऱ्या बाजूस पेठा. बंदूक कोणाच्या हातीं असावी, याचा निकाल त्या काळीं कायद्यानेंच लावून टाकला होता. १८७८ सालीं लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असतां हत्यारांचा कायदा झाला. हिंदी मनुष्यास परवान्यावांचून बंदूक बाळगतां येईना. युरोपियनांस मात्र नियमांनींच त्यांतून सूट होती. राष्ट्रीय सभेनें आपल्या आरंभींच्या काळापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. ज्या वकील-शिक्षकांनीं ते ठराव मांडले, त्यांतील बहुतेकांस बंदूक चालविण्याची इच्छाही नसेल. एकाच रस्त्यानें जाणाऱ्या दोघांपैकीं एकावर सरकारचा विश्वास आहे व दुसऱ्यावर नाहीं, हें सरकारनें लिहून ठेवलें होतें, त्याचा तो संताप होता. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतील हा वर्णभेद निघाला. त्याच सुमारास व्यायाम व सैनिकी शिक्षण यांची ओढ महाराष्ट्रांत वाढीस लागली. १९२४ सालीं कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं पुण्यांत महाराष्ट्रीय मंडळ काढलें. त्याची एक शाळा स्वारगेटजवळच मुकुंदनगरांत आहे. १९३७ सालीं डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं नाशिकास भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केलें. १९४८ सालीं राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली, आणि साध्या मध्यमवर्गीय घरांतील कॉलेजच्या मुलामुलींनीं रायफल प्रथम हातीं धरली, ती पुष्कळ अंशीं तिच्या छावण्यांतून.

ज्या साहेबांनीं अशीं मैदानें आंखलीं, त्यांच्या घरीं ही हौस कशी वाढली, हेंही पाहण्यासारखें आहे. फ्रान्स चाल करून येईल या भीतीनें १८५९ सालीं इंग्लंडांत स्वयंसेवकांचीं पथकें उभीं राहिलीं, व त्याच वर्षीं तेथें राष्ट्रीय रायफल मंडळ निघालें. १८६० च्या जुलैंत विंबल्डनच्या माळावर पहिला मेळा भरला. पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीनें झाडली. रायफल चौकटींत बसवून आधींच रोखून ठेवलेली होती. राणीनें दोर ओढला, आणि गोळी चारशें यार्डांवरील निशाणाच्या मध्याजवळ लागली. १८९० पासून हा मेळा सरे परगण्यांत बिस्ली येथें भरतो. तेथील हौशी मनुष्य सुटीच्या दिवशीं आपल्या क्लबांत जाऊन नेम धरतो, आणि आपली रायफल घरीं पोलादी कपाटांत कुलूपबंद ठेवतो.

मात्र तेथेंही ती मागितली कीं मिळते असें नाहीं. पोलिस घरीं येऊन कपाट पाहतात, माणसास पारखतात, वैद्याकडून माहिती घेतात, आणि रायफल कशासाठीं हवी याचें योग्य कारण विचारतात. ‘क्लबांत नेमबाजी करतों’ हें कारण पटतें; ‘स्वसंरक्षणासाठीं’ हें सहसा पटत नाहीं. पांच वर्षांनीं पुन्हा तीच चौकशी. १३ मार्च १९९६ रोजीं स्कॉटलंडांतील डनब्लेन गांवच्या शाळेंत एका इसमानें परवान्याच्या पिस्तुलांनीं सोळा बालकांचे व त्यांच्या शिक्षिकेचे प्राण घेतले. पुढल्या वर्षीं पार्लमेंटनें बहुतेक सर्व पिस्तुलांची खाजगी मालकी बंद केली. ज्यांनीं कधीं मुंगीसही इजा केली नव्हती अशा हजारों हौशी नेमबाजांचीं पिस्तुलें त्यांत गेलीं. ऑलिंपिकांतील पिस्तुलाच्या कांहीं प्रकारांच्या सरावासाठीं तेथील खेळाडूंस परदेशीं जावें लागलें. हा त्यांच्यावर अन्याय झाला, असें म्हणणारे तेथें आजही आहेत. परंतु मुलांच्या जिवापुढें मोठ्यांच्या हौसेनें मागें सरावें, असा कौल त्या राष्ट्रानें दिला. एके काळीं येथें ज्यांस परवान्याची गरजच नव्हती, त्यांचे वंशज आज आपल्या घरचें कपाट पोलिसांस उघडून दाखवितात. आणि एकंदरींत त्यांत कमीपणा मानीत नाहींत.

आपल्याकडे १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या कायद्यानें घेतली. एकवीस वर्षांखालील मनुष्यास बंदुकीचा परवाना मिळत नाहीं. क्लबाच्या देखरेखीखालीं शिकण्याची सोय मात्र आहे. पूर्वीं सामान्य परवानाधारकास तीन हत्यारें बाळगतां येत, तीं २०१९ च्या दुरुस्तीनें दोनांवर आणलीं. नामांकित नेमबाजांस निराळी सवलत ठेविली. निवडणुका आल्या कीं परवान्याचीं हत्यारें पोलिसांकडे जमा करावीं लागतात. शिकाऊ मुलें जी वाऱ्याची रायफल वापरतात, तिची नळी साडेचार मिलिमीटरांची. तिचा जोर ठराविक मर्यादेंत असला तर तीस परवाना लागत नाहीं. जत्रेंत फुगे फोडावयास मिळते तिचीच ही घरंदाज बहीण म्हणावयाची.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आमच्या समाजांत बंदूक बाळगणारे सर्वच कांहीं नेमबाज नव्हेत. जमिनीचा पैसा हातीं आला कीं मोटारीबरोबर पिस्तूलही हवें, तें कमरेस दिसेल असें लावून लग्नाच्या मांडवांतून हिंडावें, वरातींत दोन बार काढावे, अशी एक चाल आम्हीं पुण्याच्या आसपासही पाहिली आहे. आकाशांत झाडलेली गोळी कोठें तरी खालीं येतेच, हें त्या शूरांच्या ध्यानीं नसतें. वडीलमाणसांच्या मनांत बंदूक म्हणतांच जें चित्र उभें राहतें तें याच मंडळींचें; आणि तेवढ्यापुरती त्यांची धास्ती सर्वस्वी योग्य आहे.

ही धास्ती मनांत घेऊनच आम्ही स्वारगेटहून बस धरून शहराच्या दुसऱ्या टोंकास, बालेवाडीस गेलों. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं येथें श्रीशिवछत्रपति क्रीडानगरी उभारली गेली, आणि २००८ सालीं राष्ट्रकुल युवक क्रीडास्पर्धाही येथें झाल्या. तेथील नेमबाजीच्या दालनांत पाऊल टाकतांच आम्हांस आश्चर्य वाटलें तें शांततेचें. धडाड्धूम असें कांहीं नाहीं. वाऱ्याच्या रायफलीचा टाळी वाजविल्यासारखा बारीक आवाज, मग बराच वेळ कांहींच नाहीं, मग पुन्हा तो आवाज. ओळीनें मुलेंमुली उभीं. अंगांत जाड कापडाचे ताठ कोट, तशाच विजारी, पायांत सपाट तळव्यांचे बूट. डाव्या हाताचें कोपर कमरेच्या हाडावर टेंकलेलें, आणि त्या आधारावर पांच किलोंच्या आंतबाहेरची रायफल तोललेली. निशाण दहा मीटरांवर. त्याच्या मध्यावरचा जो ठिपका टिपला म्हणजे दहा गुण, तो अर्धा मिलिमीटर रुंदीचा. बाजरीचा दाणाही त्यापेक्षां मोठा! पूर्ण स्पर्धेंत पंचाहत्तर मिनिटांत साठ गोळ्या मारावयाच्या, आणि प्रत्येकीस जास्तींत जास्त १०.९ गुण.

तेथील नियम पाहून आम्हांस एखाद्या कडक सोंवळ्याची आठवण झाली. नळी सदैव निशाणाच्याच दिशेस. रायफल हातावेगळी करावयाची तर ती रिकामी आहे हें सर्वांस दिसावें म्हणून नळींतून रंगीत दोरी ओंवून ठेवावयाची. पुढें कोणी गेलें असेल तर रायफलीस कोणीही हात लावावयाचा नाहीं. ‘थांबा’ असा हुकूम झाला कीं अर्धवट दाबलेलें बोटही मागें घ्यावयाचें. एक मुलगी नेम धरून बराच वेळ उभी होती. मन स्थिर होईना, तेव्हां तिनें गोळी न झाडतांच रायफल खालीं घेतली, श्वास सोडला, आणि पुन्हा आरंभापासून सुरुवात केली. तिचे शिक्षक जवळच होते. ते म्हणाले, “झाडणें आठ दिवसांत येतें, न झाडतां खालीं घेणें यावयास दोन वर्षें लागतात.” ज्या घरांतून मुलांस दोन मिनिटें स्वस्थ बसवत नाहीं अशी रोजची तक्रार असते, तेथील आईबापांनीं हें वाक्य लक्षांत ठेवावें.

या शिक्षणानें महाराष्ट्राचें नांव किती दूर गेलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. छात्रसेनेंतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली वेदपाठक-भागवत २००० सालीं सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत पोहोंचल्या, आणि २००३ सालीं त्यांनीं मिलान येथें जागतिक करंडकाच्या अंतिम स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें विश्वविजेत्या झाल्या. तेथल्याच राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धांत पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे बालेवाडीच्या याच क्रीडानगरींत सराव करीत. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथें ५० मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत ४५१.४ गुण मिळवून त्यांनीं कांस्यपदक आणलें. १९५२ सालीं खाशाबा जाधवांनीं कुस्तींत पदक मिळविलें, त्यानंतर बहात्तर वर्षांनीं महाराष्ट्राच्या पुत्रास लाभलेलें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हीं सर्व माणसें साध्या घरांतलीं. कुसाळे तर मध्य रेल्वेंत तिकीट तपासनीस होते.

खर्चाची बाजू मात्र लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. स्पर्धेच्या योग्यतेची परदेशी वाऱ्याची रायफल घ्यावयाची तर दोन लाखांच्या पुढेंच पैसे मोजावे लागतात. कोट, बूट, छर्रे, क्लबाची वर्गणी हें निराळें. म्हणून आमचें सांगणें असें कीं, मुलानें हट्ट धरला म्हणून लगेच रायफल विकत घेऊं नये. चांगल्या क्लबांत शिकाऊंस क्लबाची रायफल वापरावयास मिळते; पहिलें वर्षदीड वर्ष तिच्यावरच काढावें. त्या अवधींत मुलाची आवड टिकते कीं विरते हें कळतें, आणि हत्यारही क्लबाच्या कपाटांत राहतें. पुढें स्वतःची घेण्याची वेळ आलीच, तर घरांत तिच्यासाठीं कुलुपाची जागा आधीं करावी, किल्ली वडीलमाणसांपाशीं असावी, आणि पाहुण्यांसमोर ती कौतुकानेंही बाहेर काढूं नये. वाऱ्याची रायफलसुद्धां डोळा फोडूं शकते.

आणि घरांतील आजी-आजोबांस एकदां त्या दालनांत नेऊन बसवावें. खंडेनवमीस आपण शस्त्रांची पूजा करतों. हल्लीं घरांत शस्त्र नसतें म्हणून विळी, लेखणी किंवा शिवणाचें यंत्र पुढें मांडतों. ज्या हातास कधीं थांबावें हें शिकविलें आहे, अशा हातांतली रायफल त्या ओळींत ठेवावयास हरकत नसावी. नातीस न झाडतां रायफल खालीं घेतांना आजीनें एकवार पाहावें, आणि मगच होय किंवा नाहीं तें सांगावें.