बिनसमुद्राच्या गावातील फळी

२०२४ च्या उन्हाळ्यात नातवाच्या आग्रहावरून आम्हास म्युनिक येथे जाण्याचा योग आला. योग म्हणतो खरे. परंतु १९७२ च्या ऑलिंपिकच्या वेळी आपले अकरा खेळाडू व प्रशिक्षक जेथे मारले गेले, त्या गावी आपल्या मुलाने बिऱ्हाड थाटावे हे आम्हास रुचले नव्हते. विमानातून उतरलो तेव्हाही मनात अढी होतीच.

तेथील इंग्लिशर गार्टन या विस्तीर्ण उद्यानाच्या दक्षिण टोकास, पुलाखालून आइसबाख नावाचा ओढा उसळत बाहेर पडतो. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण पुलाला लागूनच एक लाट जागच्या जागी उभी असे. समुद्रात लाट धावते. येथे पाणी धावे आणि लाट थांबून राही. तरुण मंडळी दोन्ही काठांवर रांग धरून, एकामागून एक फळीवर उडी टाकीत. १९७० नंतरच्या दशकापासून हा खेळ तेथे चाले. परवानगी मात्र २०१० साली मिळाली.

नातवाने आपली फळी स्वतः घडविली होती. ती त्यास दर खेपेस उजवीकडे ओढून भिंतीकडे नेई. "आजोबा, दोष माझ्या पायांचा आहे," असे तो म्हणे. आमचे आयुष्य सुतारकामात गेले असल्याने आम्ही पायांऐवजी फळी पालथी करून पाहिली.

फळीच्या शेपटाखाली माशासारखे तीन पर होते. पूर्वी फळीस पर नसे. लोक मागचा पाय पाण्यात ओढून दिशा सांभाळीत. १९३५ साली टॉम ब्लेक या अमेरिकन गृहस्थाने पहिला पर बसविला. पुढे दोन परांच्या फळ्या आल्या. त्या चपळ खऱ्या, पण मागून घसरत. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८० च्या सुमारास मध्यभागी तिसरा पर जोडला व १९८१ साली बेल्स बीचची स्पर्धा तसल्याच फळीवर जिंकली. पर मागे झुकता असेल तर वळण लांब व संथ. उभा असेल तर फळी जागच्या जागी गिरकी घेते. आइसबाखचे पाणी उथळ, म्हणून नातवाने पर आखूड ठेवले होते. तेवढे त्याचे बरोबर होते.

बाजूचे दोन पर सरळ नसतात. त्यांची पुढील टोके किंचित आत, फळीच्या नाकाकडे वळविलेली असतात, म्हणजे फळी पायाच्या इशाऱ्यास लवकर वळते. दोन्हींचे वळण सारखे असले की एकाचा रेटा दुसरा फेडतो. आम्ही मधल्या रेषेवर सुतळी ताणून मोजले. डाव्या पराचे पुढील टोक मागील टोकापेक्षा तीन मिलिमीटर आत, उजव्याचे सात! उजवा पर शेपूट डावीकडे ढकली आणि नाक उजवीकडे फिरे. कोकणातल्या तांडेलास हे सांगावे लागले नसते. सुकाणू बांधून ठेवलेल्या होडीची हीच गत होते. चार मिलिमीटर म्हणजे आमच्या धंद्यात दार न लागण्याइतकी चूक!

पर करवतीने कापून काढला, जागा घासली आणि राळ व काचतंतूचे कापड लावून पुन्हा बसविला. त्या कामात दोन दिवस गेले. शुक्रवारी दुपारी राळ वाळली, पण शब्बाथ लागण्यापूर्वी ओढ्यावर जाऊन येणे जमेना. मुलगा काही न बोलता थांबला. आम्हास त्याचे नवल वाटले, व आनंदही. रविवारी तो लाटेवर बराच वेळ सरळ उभा राहिला. काठावरच्या अनोळखी जर्मन पोरांनी टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या.

एप्रिल २०२५ मध्ये त्याच लाटेवर पायास बांधलेली दोरी तळाशी अडकून एक तरुणी दगावली. बातमी वाचताच आम्ही फोन लाविला; तो घरी होता. लाट काही आठवडे बंद राहिली, मग अटींवर खुली झाली. आणि त्याच वर्षी शरदात ओढ्याची वार्षिक सफाई झाल्यावर ती उठेनाशीच झाली.

आता नातू म्हणतो, पेसाहला येताना फळी घेऊन येतो. तेल अवीवच्या किनाऱ्यावर हा खेळ १९५६ साली डोरियन पास्कोविट्झ या अमेरिकन ज्यू डॉक्टरांनी आणला, तेथेच ती चालवून पाहावयाची. पण समुद्रास ते आखूड पर पुरणार नाहीत. मोठ्या परांसाठी आम्ही प्लायवुड आणून ठेविले आहे.