आराखडा आणि पान

नकाशातील घर आणि प्रत्यक्ष उभे राहिलेले घर यांत थोडेफार अंतर पडतेच, हे कोणताही अनुभवी गवंडी सांगेल. संकेतस्थळाचेही तसेच आहे. आधी रचनाकार प्रत्येक पानाचे चित्र तयार करतो. मग दुसरा कोणी ते संगणकाच्या भाषेत उभारतो. ही दोन्ही एकमेकांशी ताडून पाहणे हाही आता एक व्यवसाय झाला आहे.

कोपरगावातील माझ्या परिचयाचा एक तरुण हे काम घरी बसून करतो. शेतकऱ्यांच्या अर्जांसाठी तयार होत असलेले एक संकेतस्थळ त्याने मला दाखवले. रचनेचे चित्र अर्धपारदर्शक करून तो प्रत्यक्ष पानावर ठेवतो. जेथे दोन्ही जुळतात तेथे अक्षर एकच दिसते. जेथे काही सरकले असेल तेथे ते दुहेरी दिसते, छापखान्यात रंग सरकल्यावर दिसते तसे.

चित्रातील मजकूर मात्र 'लोरेम इप्सम' हा होता. जागा भरण्यासाठी रचनाकार तो सर्रास वापरतात. सेमिनरीत लॅटिनशी परिचय झाल्यामुळे माझे कुतूहल चाळवले. सिसेरोच्या इ. स. पूर्व ४५ मधील ग्रंथातील सुखदुःखाच्या विवेचनाची ती मोडतोड आहे. 'दोलोरेम' म्हणजे दुःख. त्यातला 'दो' गळून 'लोरेम' उरले. अर्थ हरवलेल्या त्या ओळी चित्रात सुबक दिसत होत्या. त्यांच्या जागी मराठी येताच वरच्या ओळीतील 'ष्ट्र' खालच्या ओळीच्या मात्रेला भिडला. शोभेसाठी अक्षरांत अंतर सोडले होते, त्यामुळे शीर्षकाची शिरोरेघ तुटली. ज्या चित्रात मराठीला जागाच नव्हती, त्याच्याशी मराठी पान जुळावे कसे?

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत, ही आपली अनेक वर्षांची इच्छा त्यांनी १६०८ मध्ये रोमला कळवली होती. रोमन लिपीला चोवीस साचे पुरत. येथील लिपीला सुमारे सहाशे लागणार होते. अखेर १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' रोमन अक्षरांतच छापले गेले. लिपी बदलली, तरी मराठी ओवी श्रोत्यांच्या कानी पोहोचली. आज तशी अडचण उरलेली नाही. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान आहे. मग तुटलेली शिरोरेघ आपण का चालवून घ्यावी?

त्या तरुणाची तपासणी चित्राशी थांबली नाही, हे मला विशेष वाटले. त्याने एका लहान मोबाईलवर अक्षरे मोठी केली, जशी चष्म्याचा नंबर वाढलेला वृद्ध शेतकरी करील. त्याबरोबर 'अर्ज पाठवा' हे बटण पडद्याबाहेर गेले. नेहमीच्या आकारात ते पान चित्राशी तंतोतंत जुळत होते. तरीही दोषांच्या यादीत त्याने हाच दोष पहिला लिहिला. मोठ्या अक्षरांसाठी एखादी ओळ खाली सरकली, तर त्याला तो दोष मानत नाही.

वाचकहो, हुबेहूबपणाला मोल आहे. करारही त्याचाच झालेला असतो. परंतु चित्र कशासाठी काढले होते, हेही ताडून पाहावे लागते. तो अर्ज भरणाऱ्या म्हाताऱ्याने चित्र कधी पाहिलेले नसते. त्याच्या हाती केवळ पान येते, आणि अर्जाची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही.