बेगिनींची वस्ती

चि. ऋचा,

खोलीचे फोटो पोचले. लाल विटांच्या गल्ल्या, मधून वाहणारी डाइले नदी, भोवती भिंत. तुझ्या आईने बघताक्षणी जाहीर केलं, ‘पोरीला मठात ठेवलंय!’ मठ नव्हे गं. बेल्जियममधल्या लूव्हेनचं ग्रोट बेखाइनहोफ म्हणजे बेगीन बायकांची वस्ती. चर्चवरच्या लॅटिन लेखात १२३४ साल आहे, जाता-येता बघ. घरं मात्र बहुतेक सतराव्या शतकातली.

वस्ती वसली त्या काळी तिकडच्या बाईला लोकमान्य वाटा दोनच, नवरा किंवा मठ. मठातही बहुधा हुंडा मोजूनच प्रवेश, आणि शपथ जन्मभराची. बेगिनींनी तिसरी वाट काढली. वस्तीत असेतो ब्रह्मचर्य पाळायचं, प्रमुख बाईचं ऐकायचं, पण आजन्म व्रत नाही. मिळकत स्वतःकडेच. लग्न करावंसं वाटलं तर खुशाल बाहेर पडा. पोटासाठी लोकर विंचरायची, सूत कातायचं, आजाऱ्यांची सेवा करायची, मुलींना शिकवायचं. ऐपत असेल तिचं स्वतःचं घर, नसेल ती सामाईक घरात. रात्री वेस बंद.

धर्मसत्तेला हे पचेना. ना संसारी, ना संन्यासिनी, मग हिच्यावर हुकूम कोणाचा? मार्गरीत पोरेत या बेगिनीने ईश्वरप्रेमावर ग्रंथ लिहिला, मागे घ्यायला नकार दिला, आणि १ जून १३१० रोजी पॅरिसमध्ये तिला जिवंत जाळलं. लगोलग व्हिएनच्या धर्मपरिषदेने (१३११-१२) बेगिनींच्या राहणीवरच बंदी घातली. तरी लूव्हेनकडच्या वस्त्या टिकल्या. भिंतीआड, पाद्र्यांच्या नजरेखाली असल्यामुळे त्यांच्यावर संशय कमी. शिवाय शहरांना त्यांचं स्वस्त सूत हवं होतं, विणकरांच्या संघांनी कितीही कुरकुर केली तरी. मला विचारशील तर भक्तीपेक्षा चरख्याने त्यांना जास्त तारलं.

शेवटची बेगीन, मार्सेला पाटीन, अगदी परवा-परवापर्यंत होती. दृष्टी अधू म्हणून तिला मठांनी नाकारलं होतं. घेतलं ते बेगिनींनी. ९२व्या वर्षी, २०१३ मध्ये, कोर्ट्राइकला वारली.

तुझी वस्ती विद्यापीठाने १९६२ मध्ये विकत घेतली, तेव्हा तिची पार दुर्दशा झाली होती. आता भाडं किती घेतात ते कळव. बेगिनीही पैसे मोजूनच घर घेत, आणि तेसुद्धा हयातीपुरतंच.

तुझी,
आत्या