शेंदरातली जोडी

बदलापूर पूर्वेला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोरपड निघाली. सर्पमित्र येईपर्यंत वॉचमनसकट सगळ्यांचे फोटो काढून झाले होते. त्यातला एक माझ्यापर्यंत आला: फाटकाजवळच्या कुंडीला घोरपड बिलगलेली आणि कुंडीत ख्रिसमस ट्री.

धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत दोघांचीही नावं आहेत. झाडाचा नंबर तर घोरपडीच्याही वर. म्हणजे नर्सरीवाल्याचं ऐकायचं तर. तो म्हणतो हा नॉरफोक पाइन. पण त्या नावावर पुष्कळदा कुक पाइन हा त्याचा चुलतभाऊच खपतो. खरा नॉरफोक पाइन ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या जेमतेम ३५ चौरस किलोमीटरच्या बेटावरचा. १७७४ मध्ये कॅप्टन कुकला तो दिसला आणि त्याला आठवल्या जहाजाच्या डोलकाठ्या. मला हे झाड आवडत नाही. एकेक फांदी दुसरीला विचारून फुटल्यासारखी. पण त्याला कुंडी चालते, लिफ्टची लॉबी चालते. घोरपडीला वारूळ लागतं, पडकी भिंत लागते, उंदीर-बेडूक लागतात.

उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पात माझी मावशी राहायची. तिच्या देव्हाऱ्यात चांदीची एक डबी होती. आत शेंदूर, चार लवंगा आणि त्यात रुतलेले इवलेसे दोन हात, जोडलेले. बोटांच्या जागी बारीक सुरकुत्या. अंबरनाथच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत एका बैराग्याकडून तिने ती हातजोडी घेतली होती, खोलीचा दावा कोर्टात होता तेव्हा. ‘डोंगरातल्या झुडपाचं मूळ आहे, शिवू नकोस,’ म्हणायची. चातुर्मासात घरात लसूण न येऊ देणारी बाई त्या डबीला रोज उदबत्ती ओवाळायची.

२०१७ च्या सुमारास देशभर छापे पडले, प्रयोगशाळांत तपासण्या झाल्या आणि बाजारातल्या असल्या ‘मुळां’चं बिंग फुटलं. नर घोरपडीचं जननेंद्रिय दुहेरी असतं. तेच कापून, वाळवून विकत होते. वन्यजीव कायद्याने घोरपड पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत. वाघ मारणाऱ्याला निदान आपण काय मारतोय हे ठाऊक असतं. विकत घेणाऱ्यालाही.

मावशी हे ऐकायला उरली नाही. डबी मावसभावाकडे आहे. त्याला सगळं सांगितलं, बातम्या दाखवल्या. म्हणाला, मूळच आहे. म्हटलं, मग मातीत लाव, फुटेल.

‘तू काहीही बोल,’ तो म्हणाला, ‘पण दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला होता की नाही?’