दोन खुर्च्यांमधील अंतर

वसईच्या किनारपट्टीवरील आमच्या धर्मग्रामांत आज असे घर शोधूनही सापडणे कठीण, की ज्यातील कोणी ना कोणी विमानाने परदेशी गेलेले नाही. कोणाचा मुलगा आखातात आहे, कोणाची लेक कॅनडात, तर कोणी इस्रायलमध्ये वृद्धांची शुश्रूषा करीत आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी धर्मगुरूंचा आशीर्वाद घेण्याची चांगली प्रथा आपल्याकडे अजून टिकून आहे. पूर्वी आशीर्वादासाठी येणाऱ्यांच्या मनात एकच धास्ती असे : विमान सुखरूप उतरेल ना? २०२० सालच्या महामारीनंतर मात्र प्रश्न बदलला आहे. ‘फादर, विमान म्हणजे बंद पेटी. एकाला खोकला झाला की तो साऱ्यांना होणारच, नाही का?’ असे वयस्कर मंडळी मला विचारतात. मी काही वैद्य नव्हे. तरीही हा प्रश्न वारंवार कानी आल्याने त्याविषयी जे वाचले, जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

प्रथम दिलासा देणारी गोष्ट सांगतो. विमानाची केबिन ही आपण समजतो तशी कोंदट पेटी नसते. उड्डाणात असताना तेथील हवा साधारणपणे दर दोन ते तीन मिनिटांनी बदलली जाते. सुमारे निम्मी हवा बाहेरून घेतलेली असते, तर उरलेली निम्मी गाळून पुन्हा आत सोडली जाते. आधुनिक मोठ्या प्रवासी विमानांत ‘हेपा’ जातीच्या गाळण्या असतात. त्या ०.३ मायक्रॉन इतके सूक्ष्म कणही ९९.९७ टक्के अडवतात. शिवाय ही हवा छताकडून पायांकडे वाहते, विमानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहत जात नाही. आपल्या एखाद्या गजबजलेल्या लग्नमंडपाच्या बंद सभागृहापेक्षा ती हवा पुष्कळच स्वच्छ म्हणावी लागेल.

पण ही व्यवस्था चालू असेल तरच हा दिलासा खरा. मार्च १९७७ मध्ये अलास्कात एक जेट विमान ५४ माणसांसह इंजिनातील बिघाडामुळे तीन तास जमिनीवरच खोळंबले. बहुतेक प्रवासी आतच बसून राहिले आणि त्या काळात हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. प्रवाशांपैकी एकाला फ्ल्यू झालेला होता. पुढच्या ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी खोकला, ताप आणि अंगदुखीने आजारी पडले. म्हणजे धोका आकाशात कमी आणि जमिनीवर अधिक होता!

यंत्रणा चालू असली तरी एक गोष्ट ती करू शकत नाही. शेजाऱ्याच्या तोंडातून निघालेला तुषार गाळणीपर्यंत पोहोचण्यापूर्वी आपल्यापर्यंत पोहोचला, तर ती काय करणार? १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला निघालेल्या विमानात १२० माणसे होती. त्यांत सार्स या रोगाने ग्रासलेले ७२ वर्षांचे एक गृहस्थ होते. प्रवास अवघा तीन तासांचा होता, परंतु त्यात बावीस जणांना लागण झाली असावी, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. ज्यांची चौकशी होऊ शकली त्यांपैकी, त्या गृहस्थांच्या रांगेत किंवा पुढील तीन रांगांत बसलेल्या २३ पैकी ८ जण आजारी पडले. इतरत्र बसलेल्या ८८ पैकी १० जण. त्याच संशोधकांनी तपासलेल्या दुसऱ्या एका विमानात चार रुग्ण होते, तरी फार तर एकालाच बाधा झाली. मार्च २०२० च्या आरंभी लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात मात्र एका खोकणाऱ्या प्रवासी स्त्रीमुळे पंधरा जणांना कोरोनाची लागण झाली असावी असे दिसून आले. त्यांतील बारा जण तिच्याच वर्गात, बिझनेस क्लासमध्ये, बसलेले होते. तेव्हा विमानात मास्कची सक्ती नव्हती.

या घटना वाचताना एक गोष्ट माझ्या मनात ठसली. आपण सारे विचारतो, ‘मला कोणाकडून लागण होईल?’ पण वरील तिन्ही विमानांत एकच माणूस असा होता, की ज्याला प्रकृतीचे थोडेफार भान असणे शक्य होते. तो म्हणजे स्वतः आजारी असलेला प्रवासी. शेजारी बसलेल्यांना काहीच ठाऊक नव्हते. कोरोनाने लक्षणे दिसण्यापूर्वीही संसर्ग होतो हे शिकवले, हे खरे. पण ज्याला लक्षणे दिसली आहेत त्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

पूर्वी ही जबाबदारी समुद्र उचलीत असे. इंग्लंडहून आगबोटीने मुंबईस येण्यास दोन-तीन आठवडे लागत. रोग कोणाच्या अंगात दडलेला असेल तर तो वाटेतच प्रकट होई. बंदरे अशा जहाजांना दूर थांबवीत. ‘क्वारंटाइन’ हा शब्दच मुळी व्हेनिसच्या बोलीतील ‘चाळीस दिवस’ या अर्थाच्या शब्दावरून आला. तरीही रोग निसटत. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग हाँगकाँगहून जहाजांतून आला असे मानले जाते. गिरगाव आणि वांद्रे येथील जुन्या ख्रिस्ती वाड्यांत त्या काळी उभारलेले क्रूस आजही दिसतात. १९१८ चा इन्फ्ल्यूएंझाही मुंबईच्या गोदीतूनच शहरात शिरला. आज विमानाने तो समुद्र जणू काढूनच टाकला आहे. फ्ल्यूचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत एक ते चार दिवस जातात. एवढ्या अवधीत माणूस लंडनहून निघून वसईत पोहोचतो, नातेवाइकांच्या गळ्यात पडतो आणि रविवारच्या मिस्सेलाही येऊन बसतो. समुद्राने सक्तीने लावलेले थांबणे आता आपल्यालाच स्वखुशीने शिकावे लागणार आहे.

ते कसे शिकावे याचा एक वस्तुपाठ डॉ. कार्लो उर्बानी यांनी घालून दिला आहे. इटलीतील हे श्रद्धावंत कॅथलिक डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या सेवेत हनोई येथे होते. फेब्रुवारी २००३ च्या अखेरीस तेथील एका रुग्णालयाने त्यांना एका विचित्र न्यूमोनियाच्या रुग्णासाठी बोलावले. हा रोग नवा आणि भयंकर आहे हे त्यांनी ओळखले व जगाला सावध केले. ११ मार्च रोजी ते एका परिषदेसाठी विमानाने बँकॉकला निघाले आणि विमानातच त्यांना ताप भरला. आपल्याला काय झाले असावे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? विमानतळावर एक सहकारी डॉक्टर त्यांना घ्यायला आले होते. उर्बानींनी त्यांना खुणेनेच दूर थांबवले. संरक्षक साधनांसह रुग्णवाहिका येईपर्यंत ते दोघे एकमेकांपासून अंतर राखून खुर्च्यांवर बसून राहिले. २९ मार्च रोजी बँकॉकमध्येच उर्बानींचे निधन झाले. ते ४६ वर्षांचे होते. मागे पत्नी आणि तीन मुले होती. परक्या शहरात, मृत्यूची चाहूल लागली असताना, ओळखीचा माणूस समोर दिसल्यावर त्याला ‘जवळ येऊ नका’ असे सांगणे किती जड गेले असेल! दोन खुर्च्यांमधील ते अंतर म्हणजे त्यांनी आपल्या सहकाऱ्यावर केलेले प्रेमच होते, असे मला वाटते.

आपल्यासारख्या सामान्य माणसांपुढेही असा प्रसंग येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाचा आखातातून रात्री उशिरा मला दूरध्वनी आला. त्याच्या वडिलांचे त्याच संध्याकाळी निधन झाले होते. ‘फादर, तिकीट हातात आहे, पण दोन दिवसांपासून ताप आणि खोकला आहे. डॉक्टर फ्ल्यू म्हणतात. गोळी घेतली की ताप उतरतो. विमानतळावर कोणाला कळणारही नाही. येऊ का?’ बापाच्या अंत्यविधीला येऊ नकोस, असे सांगण्याचा अधिकार मला होता का? मी त्याला एवढेच विचारले, ‘घरी पोहोचल्यावर सर्वांत आधी तुझ्या गळ्यात कोण पडेल?’ बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आई.’ त्याच्या आईला कित्येक वर्षांचा दमा होता. तो आला नाही.

गावात कुजबुज झालीच. ‘बापाच्या मयताला आला नाही, एवढा का मोठा झाला?’ त्याच्या थोरल्या भावानेही मनात राग धरला. त्या तरुणाच्या संमतीने मी अंत्यविधीच्या प्रवचनात त्याच्या न येण्याचे कारण सर्वांना सांगितले. नऊ दिवसांनी तो बरा होऊन आला आणि थेट आईकडे गेला. मग दोघे भाऊ मिळून कबरस्तानात गेले. तिथे त्यांचे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, पण परतताना ते दोघे एकाच स्कूटरवर होते.

प्रवासाला निघणाऱ्यांनी साध्या गोष्टी जरूर पाळाव्यात. फ्ल्यूची लस निदान दोन आठवडे आधी घ्यावी. शक्य असल्यास खिडकीजवळची जागा मागावी, कारण तिथे बसणाऱ्याचा येणाऱ्या-जाणाऱ्यांशी संबंध कमी येतो. डोक्यावरील हवेचा झोत चालू ठेवावा, खाण्यापूर्वी हात धुवावेत. विमानात चढता-उतरताना आणि विमान जमिनीवर खोळंबलेले असताना मास्क लावावा. भारतात नोव्हेंबर २०२२ पासून विमानातील मास्कची सक्ती उठली आहे, पण मास्क लावायला बंदी नाही!

मात्र प्रवास पुढे ढकलणे हे एकट्या प्रवाशाला पेलणारे काम नाही. तिकीट बदलण्याचा भुर्दंड असतो, रजा वाया जाते, लोक बोलतात. म्हणून आजारी माणूस ताप लपवतो आणि गोळी घेऊन विमानात बसतो. तो भुर्दंड कुटुंबाने वाटून घ्यावा. परगावच्या मुलाने वा मुलीने ‘मला ताप आहे, मी आठ दिवसांनी येतो’ असे कळवले, तर त्याचे प्रेम आटले असे कोणी समजू नये आणि शेजारपाजाऱ्यांनाही तसे म्हणू देऊ नये. लग्न असो वा अंत्यविधी, त्याची जागा रिकामी दिसली तर कारण न विचारता त्याला दोष देण्याची आपली जुनी खोड सोडून देऊ या. तो बरा होऊन येईल तेव्हा त्याच्यासाठी ताट वाढलेले असावे, एवढे तरी आपल्याला नक्कीच करता येईल.