खर्जाची तार

आमचे बाबा देवासच्या कुमार गंधर्वांचे भक्त. गेल्या दिवाळीत इंदूरला घरी जाताना मी त्यांच्यासाठी कानात बसणारे चांगले इअरफोन नेले. दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, "तंबोऱ्याचा खर्ज कुठे गेला रे?"

मी पडलो इंजिनिअर. पटकन बोलून गेलो, "बाबा, आता वय झालं तुमच्या कानांचं."

त्यांनी काही न बोलता इअरफोन डबीत ठेवले.

रात्री ते शब्द मलाच टोचत राहिले. वयानुसार आधी ऐकू येईनासे होतात ते वरचे, बारीक आवाज, खर्ज नव्हे. मग दोष त्यांच्या कानांचा कसा?

सकाळी डबी पुन्हा उघडली. आत तीन मापांची रबरी टोपणं होती. मी मधलीच राहू दिली होती. कान आणि टोपण यांत फट राहिली, की खालचे सूर तिथूनच निसटतात. बाबांच्या उजव्या कानाला मोठं माप लागलं; डाव्याला मधलंच पुरलं, पण कान हलकेच वर-मागे ओढून नीट बसवल्यावर. स्वयंपाकघरातला मिक्सर दबका ऐकू येऊ लागला, तेव्हा टोपण बसल्याची खात्री पटली. मग आवाजही निम्म्यावर आणला.

बाबांनी डोळे मिटले. जरा वेळाने त्यांची बोटं तार छेडल्यासारखी हलू लागली.

"आहे रे, खर्ज आहे!"

"चुकलं माझं, बाबा."

"अरे, तंबोरासुद्धा गाण्याआधी जुळवावाच लागतो," ते हसून म्हणाले.